झिंकवरचा लेप आणि तासांचा आकडा: असे पेपर वाचायचे कसे?

पाण्यावर चालणाऱ्या झिंक बॅटरीचे पेपर तुम्ही वाचायला घेतलेत, की थोड्याच दिवसांत एक साचा ओळखीचा होतो. सुरुवातीला 'झिंक स्वस्त, सुरक्षित, मुबलक' हा परिच्छेद. मग साध्या झिंकवर वाढलेल्या काटेरी डेंड्राइटचा फोटो. मग आमचा लेप. मग एक आलेख: साधं झिंक काही तासांत गारद, लेपवालं झिंक दहापट, वीसपट जास्त चालतंय. शेवटी एका कॉइन सेलवर पेटलेला एलईडी. पेपर नेटका असतो, चित्रं सुंदर असतात. पण वाचून झाल्यावर स्वतःला विचारा: या लेपाबद्दल आपल्याला नक्की काय कळलं?

आज त्याच साच्याची चिकित्सा करू. कुणाला नावं ठेवायची म्हणून नाही. तुमच्यापैकी काहीजण येत्या वर्षभरात याच विषयावर सिनॉप्सिस लिहितील आणि त्यावर चार-पाच वर्षं घालवतील. ज्या आकड्याला हरवायचं म्हणून तुम्ही प्रयोगशाळेत उतरणार, तो आकडा मुळात काय मोजतो हे आधीच कळलेलं बरं.

आधी दुखणं काय ते बघू

झिंक म्हणजे आपलं जस्त. लोखंडी पत्रा गंजू नये म्हणून त्यावर आपण जस्त चढवतो. ते स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. बॅटरीत नेमका हाच स्वभाव आडवा येतो. तिथे झिंकनं झिजायचं ते फक्त आपण सांगू तेव्हा, आणि चार्जिंगच्या वेळी परत जागेवर येऊन बसायचं. तो लेप देऊन दुसऱ्याला वाचवणारा धातू, इथे त्यालाच लेप लागतो.

ओढ कशाची आहे तेही बघा. एक ग्रॅम झिंकमध्ये ८२० एमएएच आणि एका घन सेंटिमीटरमध्ये ५,८५५ एमएएच एवढी सैद्धांतिक क्षमता असते. पोटेन्शियल उणे ०.७६ व्होल्ट, म्हणजे पाण्यात टिकण्याइतपत सोसणारं. झिंक सल्फेटच्या सौम्य आम्लधर्मी द्रावणात झिंक आणि मँगनीज डायऑक्साइडची जोडी पुन्हा पुन्हा चार्ज होऊ शकते हे १९८८ मध्ये शोजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं होतं. २०१२ मध्ये फेइयू कांग यांच्या गटानं 'झिंक-आयन बॅटरी' या नावानं ती रसायनं पुढे आणली आणि त्यानंतर या विषयाला पूर आला.

अडचणी तीन. एक, चार्ज होताना झिंक सारखं बसत नाही. जिथे उंचवटा तिथे आणखी बसतं आणि काटे वाढतात. दोन, पाण्याशी प्रक्रिया होऊन हायड्रोजन सुटतो. तीन, हायड्रोजन सुटला की त्या जागी हायड्रॉक्साइड वाढतं आणि सल्फेटच्या द्रावणात झिंक हायड्रॉक्साइड सल्फेटच्या पांढऱ्या पापुद्र्या जमतात. या तिन्ही अडचणी एकमेकींना खतपाणी घालतात: काट्यांमुळे पृष्ठभाग वाढतो, पृष्ठभाग वाढला की गंजणं वाढतं, पापुद्र्या जमल्या की करंट उरलेल्या जागेत एकवटतो आणि काटे वाढतात. लेपाकडून अपेक्षा अशी, की त्यानं पाणी अडवावं, झिंकच्या आयनांना वाट द्यावी आणि ती वाट सगळीकडे सारखी असावी.

तीन पेपर, तीन वेगळ्या गोष्टी

या विषयातल्या संदर्भयाद्यांमध्ये तीन पेपर हमखास शेजारी-शेजारी दिसतात. ते मुद्दाम एकत्र ठेवून बघू.

पहिला २०१८ चा, 'अॅडव्हान्स्ड एनर्जी मटेरियल्स'मधला: झिंकवर कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे एका अर्थी खडूचाच, सच्छिद्र लेप. कल्पना साधी. लेप वीज वाहून नेत नाही, छिद्रांत द्रावण भरलेलं असतं, त्यामुळे झिंक लेपाखाली आणि सगळीकडे सारखं बसतं. मँगनीज डायऑक्साइडबरोबरच्या सेलमध्ये १,००० चक्रांनंतर क्षमता लेपासह १७७ आणि लेपाशिवाय १२४ एमएएच प्रति ग्रॅम राहिली.

दुसरा २०१९ चा, 'एनर्जी अँड एन्व्हायर्न्मेंटल सायन्स'मधला: पॉलिअमाइडचा लेप. इलेक्ट्रोप्लेटिंगवाले धातूला चकाकी यावी म्हणून द्रावणात 'ब्राइटनर' घालतात, त्यावरून सुचलेला. दावा ८,००० तासांहून जास्त आयुष्याचा, साध्या झिंकच्या साठपट. शिवाय प्रति चौरस सेंटिमीटर १० एमएएच आणि ८५ टक्के डेप्थ ऑफ डिस्चार्जवरही सेल चालल्याचा.

तिसराही २०१९ चाच, 'सायन्स'मधला, लिंडेन आर्चर यांच्या गटाचा: ग्राफीनवर झिंक एपिटॅक्सीनं, म्हणजे खालच्या स्फटिकाच्या रांगेला रांग लावून बसवलं. झिंकच्या षट्कोनी चकत्या आडव्या झोपतात, उभ्या राहत नाहीत. त्यामुळे काटे नाहीत आणि हजारो चक्रं उलटसुलट होतात.

आता जरा थांबा. तिसऱ्या पेपरात ग्राफीन आहे कुठे? स्टेनलेस स्टीलवर. झिंक त्याच्या वर बसतं. म्हणजे पाण्यापासून झिंकला वाचवणारं पांघरूण हे नाहीच, ही खालची सतरंजी आहे. तरीही 'संरक्षक लेपांचा खूप अभ्यास झाला आहे' या वाक्याला तिन्ही पेपर एकाच कंसात जोडलेले सापडतात. खडू आणि पॉलिअमाइड वीज नेत नाहीत, त्यामुळे झिंक त्यांच्याखाली बसणं अपेक्षित आहे. कार्बनचा लेप वीज नेतो. त्याच्या वरही झिंक बसू शकतं, आणि बसलं की ते थेट पाण्यात उघडं पडलं.

म्हणून चिकित्सेचा पहिला प्रश्न: झिंक लेपाच्या वर बसलं की खाली? उत्तर द्यायला चक्रं झाल्यानंतरचा आडवा छेद हवा. वरून काढलेल्या फोटोत सपाट लेप दिसतो, तो लेपाचाच फोटो असतो; खाली काय चाललंय ते त्यात दिसत नाही.

तास मोजतात काय?

आता मुख्य आलेखाकडे वळू. सिमेट्रिक सेल म्हणजे दोन्ही बाजूंना झिंकच. इकडचं झिंक तिकडे न्यायचं, परत आणायचं, आणि व्होल्टेज किती वेळ शांत राहतं ते बघायचं. पद्धत उपयोगी आहे, वाईट नाही. पण तिचा निकाल 'तास' या एकाच आकड्यात सांगितला की गडबड सुरू होते.

एक हिशेब वहीत करून ठेवा. १० मायक्रॉन जाडीच्या झिंकमध्ये प्रति चौरस सेंटिमीटर ५.८५ एमएएच साठा असतो. १०० मायक्रॉनच्या पत्र्यात ५८.५. समजा पेपरात १ एमएएच चक्रात फिरवलंय आणि पत्रा १०० मायक्रॉनचा आहे. म्हणजे १.७ टक्के झिंक कामाला लावलं. उरलेलं ९८ टक्क्यांहून जास्त नुसतं बसून आहे. तोच प्रयोग १० मायक्रॉनवर केला तर १७ टक्के होतात. करंट तोच, क्षमता तीच, आलेखावरची ओळही तीच. पण परीक्षा दहापट कठीण.

बसून राहिलेलं झिंक निरुपद्रवी नसतं, ते नुकसान झाकतं. समजा दर चक्राला फिरवलेल्या १ एमएएचपैकी अर्धा टक्का वाया जातो. कागदावरच्या हिशेबानं १०० मायक्रॉनच्या पत्र्याचा साठा संपायला अकरा हजारांहून जास्त चक्रं लागतील. हीच ९९.५ टक्क्यांची कार्यक्षमता जास्तीचा साठा नसलेल्या सेलमध्ये ठेवली, तर १०० चक्रांनंतर जेमतेम ६१ टक्के उरतात. सिमेट्रिक सेलमध्ये हे दिसतच नाही. गळक्या टाकीला मागून सतत पाणी चालू असेल, तर टाकी भरलेलीच दिसणार.

तासांचा दुसरा गोंधळ करंटचा. दोन सेल घ्या (आकडे उदाहरणादाखल आहेत). एक ०.२५ मिलिअँपिअरवर २,००० तास चालला, दुसरा ५ मिलिअँपिअरवर ३०० तास. मथळा कुणाला मिळेल? २,००० ला. आता एकूण किती झिंक चढवलं ते काढा: करंट गुणिले तास, भागिले दोन. पहिल्याचे २५० एमएएच, दुसऱ्याचे ७५० एमएएच प्रति चौरस सेंटिमीटर. काम दुसऱ्यानं तिप्पट केलं. अर्थात एवढ्यावर दुसराच श्रेष्ठ असंही म्हणू नका. कमी करंटवर सेल जास्त काळ पाण्यात राहतो, म्हणजे गंजण्याची परीक्षा तिथे जास्त होते. मुद्दा असा, की करंट, क्षमता, पत्र्याची जाडी आणि तास हे चार आकडे एकत्र असल्याशिवाय तुलना होत नाही.

याच फूटपट्टीनं पॉलिअमाइडचा पेपर पुन्हा बघा. ८,००० तास आणि ८५ टक्के हे दोन दावे एका वाक्यात आले, तरी ते दोन वेगळ्या परिस्थितींचे आहेत. घाईत वाचणारा ते जोडून टाकतो. पण या पेपराचं श्रेय द्यायलाच हवं: १० एमएएच म्हणजे ८५ टक्के असं लिहिलंय, तेव्हा पत्रा साधारण २० मायक्रॉनचा असला पाहिजे हे आपण भागाकार करून काढू शकतो. दावा तपासता येईल अशा रीतीनं मांडला आहे. नंतर त्याचा उल्लेख करणाऱ्यांनी बहुधा ८,००० उचलले आणि ८५ टक्के तिथेच ठेवले. माझ्या मते त्या पेपरातला जास्त मोलाचा आकडा दुसरा आहे.

आलेख सुंदर आहे, पण सेल जिवंत आहे का?

हा प्रश्न विचित्र वाटेल, पण विचारायचाच. सेलमध्ये एखादा बारीक काटा सेपरेटरमधून पलीकडे पोचला की इलेक्ट्रॉनना आतूनच वाट मिळते. याला सॉफ्ट शॉर्ट म्हणतात. यंत्र तर ठरवलेला करंट सोडतच राहतं. व्होल्टेज खाली येतं आणि सपाट होतं. आलेखावर हे कसं दिसतं? कमी पोलरायझेशन, स्थिर वर्तन, शेकडो तास! मेलेल्या सेलचा आलेख जिवंत सेलपेक्षा देखणा असतो, हीच पंचाईत आहे.

ओळखायचं कसं? पेपरात मोठ्या आलेखाच्या पोटात छोटे आलेख दिलेले असतात, ते झूम करून बघा. निरोगी सेलमध्ये करंटची दिशा बदलली की व्होल्टेजला आकार असतो: सुरुवातीला न्यूक्लिएशनचा उंचवटा, मग उतार. शॉर्ट झालेल्या सेलमध्ये नुसते चौकोनी ठोकळे दिसतात, एखाद्या साध्या रेझिस्टरसारखे. व्होल्टेज मध्येच अचानक पडून मग 'स्थिर' झालं असेल, तर आयुष्य त्या क्षणापर्यंतच मोजा. सर्वांत चांगलं म्हणजे ठरावीक चक्रांनंतर इम्पिडन्स मोजलेला असणं. रोध एकाएकी कोसळला असेल तर उत्तर मिळालं. आणि सेपरेटर कोणता, तेही बघा. काचेच्या तंतूंचे सेपरेटर जाड असतात, काही तर अर्ध्या मिलिमीटरहून जास्त. त्यांत द्रावण भरपूर मावतं. हा आरामही लेपाच्या खात्यावर जमा होतो.

तुलना कुणाशी?

साध्या झिंकशी तुलना केली म्हणजे कंट्रोल झाला, असं बहुतेक पेपर धरून चालतात. तसं नाही. लेप लावताना तुम्ही पत्रा घासला, सॉल्व्हंट लावला, बाइंडर घातला, तो वाळवला, आणि मग तुमचा खास पदार्थ आला. आयुष्य वाढलं ते कशामुळे? नुसता बाइंडर लावलेलं झिंक हा दुसरा कंट्रोल हवा. तितक्याच जाडीचा, तितकाच सच्छिद्र, पण कुठलाही 'गुण' नसलेल्या पावडरीचा लेप हा तिसरा.

हे का म्हणतोय? खडूचा लेप चालला. २०२० मध्ये केओलिनचा, म्हणजे चिनी मातीचा लेपही चालला. टायटॅनियम डायऑक्साइडचा अतिशय पातळ थर त्याआधीच, २०१८ मध्ये चालला होता. प्रत्येक पेपर कारण वेगळं सांगतो, आणि ते आपापल्या पदार्थाच्या खास गुणाशी जोडतो. पण इतके वेगवेगळे पदार्थ उपयोगी पडत असतील, तर शंका यायला हवी, की त्यांच्यातलं काहीतरी समाईकच काम करतंय: कदाचित नुसता एक सच्छिद्र थर, जो आयनांचा प्रवाह पसरवतो. ही शंका खरी की खोटी ते तिसऱ्या कंट्रोलशिवाय कळणार नाही. आणि तो कंट्रोल मला फार क्वचित दिसतो.

कारणमीमांसेतली उलटापालट

यंत्रणेचे दावे शेजारी ठेवून वाचा, मजा येते. काही पेपर म्हणतात, आमचा लेप पाणी झिडकारतो, म्हणून झिंक गंजत नाही. काही म्हणतात, आमचा लेप पाण्याला जवळ करतो, म्हणून द्रावण सगळीकडे सारखं पोचतं. दोन्हीकडे पुरावा एकच: थेंबाचा फोटो आणि स्पर्शकोन. काही पेपर कमी ओव्हरपोटेन्शियलला यश मानतात; पॉलिअमाइडवाले न्यूक्लिएशनचा अडथळा *वाढवल्याचं* श्रेय घेतात, आणि त्यांचं म्हणणं तर्काला धरून आहे, कारण अडथळा वाढला की बारीक आणि पुष्कळ कण बसतात.

दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर असूही शकतील. चूक आहे ती तर्काच्या रचनेत: 'लेप पाणी झिडकारतो, सेल जास्त चालला, म्हणून पाणी झिडकारल्यामुळे सेल जास्त चालला.' यातला 'म्हणून' कुठल्या प्रयोगातून आला, ते शोधा. त्याच पदार्थाचा एक गुण बदलून, बाकी सगळं तसंच ठेवून केलेला प्रयोग असेल तर पेपरला मानाचं पान. नुसती डीएफटीची रंगीत चित्रं असतील तर तो अंदाज आहे. अंदाज म्हणूनच वाचा.

चक्रं हजार, दिवस किती?

पूर्ण सेलच्या आलेखातही हीच काळजी घ्या. १ अँपिअर प्रति ग्रॅम करंट आणि साधारण १५० एमएएच प्रति ग्रॅम क्षमता म्हणजे एक डिस्चार्ज नऊ मिनिटांत. चार्ज धरून अठरा मिनिटं. अशी १,००० चक्रं म्हणजे ३०० तास, साडेबारा दिवस. ५ अँपिअरवर तशीच २,००० चक्रं पाच दिवसांत उरकतात. 'हजारो चक्रं' ऐकून आपल्या डोळ्यांपुढे वर्षं येतात, आणि सेल प्रत्यक्षात पंधरवडाही जगलेला नसतो.

यावर एक आक्षेप रास्त आहे, तो मांडतो. झिंक स्वस्त आहे. छतावरच्या सोलरसाठी बॅटरी जड झाली तर बिघडलं कुठे? मग जाड पत्रा का नको? माझं उत्तर: दुप्पट-तिप्पट झिंक जास्त असेल तर खुशाल असू द्या. पण ३० पट? प्रति चौरस सेंटिमीटर २ एमएएचसाठी २.४ मिलिग्रॅम झिंक पुरतं. १०० मायक्रॉनचा पत्रा ७१ मिलिग्रॅमचा असतो. लेपाचं वजनही धरा: २० मायक्रॉन जाडीचा, निम्मा पोकळ असलेला खडूचा थर २.७ मिलिग्रॅम भरेल, म्हणजे खरोखर कामाला लागणाऱ्या झिंकपेक्षा जास्त. शिवाय सोलरची बॅटरी दिवसा भरते आणि बराच वेळ नुसती बसून राहते. त्या वेळात हायड्रोजन सुटतच असतो. म्हणजे तिची खरी परीक्षा विश्रांतीची आहे: भरून ठेवा, एक-दोन दिवस थांबा, मग किती परत मिळतं ते बघा. सलग पळवलेल्या सिमेट्रिक सेलमध्ये नेमकी हीच परीक्षा गाळलेली असते.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

हे वाचून 'लेपावर काम करूच नये' असा अर्थ काढू नका. उलट, करण्यासारखं काम इथेच उरलंय. नवा पदार्थ शोधून आणखी हजार तास वाढवण्यापेक्षा, आधीच माहीत असलेले तीन लेप घ्या. सारख्या जाडीचे, सारख्या सच्छिद्रतेचे, २० मायक्रॉनच्या पत्र्यावर लावा. नुसत्या बाइंडरचा कंट्रोल ठेवा. मध्ये मध्ये इम्पिडन्स आणि विश्रांती घाला. शेवटी सेल उघडून आडवा छेद बघा. या प्रयोगातून येणारे तास कमी असतील, आणि मथळाही फिका वाटेल. गाईड कदाचित विचारतील, 'यात नवीन काय?' त्यांना सांगा, कोणता लेप *का* चालतो याचं उत्तर नवीन आहे.

तोवर एक सवय लावून घ्या. पुढचा पेपर उघडलात की अॅब्स्ट्रॅक्टमधले तास वाचून झाल्यावर थेट प्रयोगपद्धतीच्या भागात जा आणि पत्र्याची जाडी शोधा. सापडली, तर वर दिलेला भागाकार करा आणि मग पुढे वाचा. सापडलीच नाही, तर सप्लिमेंटरी फाइल उघडा. तिथेही नसेल, तर त्या तासांना अजून एकक मिळालेलं नाही असं समजा, आणि तो आकडा तुमच्या तुलनेच्या तक्त्यात घेऊ नका.